सायोची जुनी गाणी

हिवाळ्यात जबलपूरला मटार गोण्यांनी येतो. मझौलीकडून गाड्या भरून येतात, कांचघरच्या बाजारात रस्त्यापर्यंत ढीग लागतात, आणि रविवारी घरोघरी कोणी ना कोणी सोलत बसलेलं असतं. त्या रविवारी आम्ही दोघं गच्चीवर उन्हात बसलो होतो. माझे मिस्टर, सुमेध, रेल्वेच्या सिग्नल विभागात आहेत. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातूचे नमुने तपासते. मूलबाळ नाही. एकमेकांना सांगण्यासारखं बहुतेक सगळं सांगून झालेलं होतं आणि त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं.

सुमेधच्या फोनवर जुनी हिंदी गाणी लागली होती. ती संपली आणि फोननं आपल्याच मनानं पुढचं काहीतरी लावलं. आधी नुसता पियानो, मग एका बाईचा आवाज. भाषा कळेना.

"हे काय लागलं? बदला ना," मी म्हटलं.

"राहू दे. ऐकून राहिलो ना."

त्यांच्या हातात उघडलेली शेंग तशीच होती. दाणे काढायचे विसरून गेले होते.

गाणारी जपानी होती. सायो नावाची. स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायची. एके काळी तिकडे घरोघरी ऐकली जायची म्हणे. सगळी प्रेमाचीच गाणी. फोनवरच्या चित्रात राखाडी स्वेटर घातलेली एक साधीशी बाई खिडकीकडे तोंड करून बसलेली होती, चेहरा अर्धाच दिसत होता. आवाज रडका नव्हता. जवळचा होता. पाठीमागे उभं राहून कोणीतरी केस विंचरता विंचरता बोलावं, तसा.

त्यानंतर ती आमच्या घरात रोज गाऊ लागली. दाढी करताना, चहा घेताना, ऑफिसातून आल्यावर. सुमेध तिचं नाव घ्यायचे ते मला खटकायचं. "सायोचं ते संथ गाणं लाव ना," असं म्हणायचे, जणू शेजारची कोणी. माझं नाव इतक्या हळू आवाजात त्यांनी शेवटचं कधी घेतलं होतं, ते मला आठवेना.

पुण्याला माझी मावसबहीण अवंती जपानी शिकवते. तिला मी सहज म्हणून दोन-चार गाणी पाठवली. दुपारी तिचा फोन आला.

"छान आहेत गं. अगदी घरगुती. जेवलास का, थंडी आहे, गळ्याला काहीतरी गुंडाळ. एक तर फारच गोड आहे. ती म्हणते, तू चष्मा काढून पुसायला लागलास की मला कळतं, आता काहीतरी खोटं बोलणार आहेस. पूस, सावकाश पूस, मी थांबते."

मी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभी होते. आत मशीन चालू होतं. मला तिला परत सांगायला लावावं लागलं.

सुमेधना खोटं बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढतात आणि सदऱ्याच्या टोकानं पुसतात. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनाही नाही. हे गुपित माझं होतं, बायकोचं.

"हे गाणं कधीचं आहे?" मी विचारलं.

"खूप जुनं. आपण शाळेत असू तेव्हाचं."

सुमेधना चष्मा कॉलेजात लागला.

योगायोग, मी स्वतःला सांगितलं. चष्मा पुसणारे नवरे जगात पुष्कळ असतील. पण मला तेव्हा भीती वाटायला हवी होती, आणि वाटला तो मत्सर. माझ्या कपाटातली माझी साडी नेसून कोणी बाई माझ्यासमोरून गेल्यासारखं वाटलं. तिला आणखी काय काय माहीत आहे, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

मी त्यांना विचारलंही. "काय म्हणते हो ती?"

"मला कुठं कळतं जपानी?" ते म्हणाले, आणि चष्मा काढला.

एका शनिवारी मला अर्धी सुट्टी होती. घराचं दार लोटलेलंच होतं. आत सायो गात होती. मी चपला काढत होते तेवढ्यात सुमेधचा आवाज ऐकू आला.

"हो, घेतली गोळी."

गाणं थोडं थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं. दोन ओळी झाल्या, पुन्हा पियानो.

"नाही, ती इतक्यात नाही येत."

मी परत चपला घातल्या आणि मुद्दाम दार वाजवलं.

पुढच्या रविवारी मीच म्हटलं, चला ग्वारीघाटला जाऊ. दुपारचं ऊन होतं. नर्मदेवर नावा रिकाम्याच होत्या. आम्ही एक नाव केली. मधोमध आल्यावर मी फोटो काढते म्हणून त्यांचा फोन मागितला आणि हात पाण्यावर धरून बोटं सोडली.

"अरे दीदी," नाववाला म्हणाला. "अब नहीं मिलेगा. यहाँ गहरा है."

"सटकला हातातून," मी म्हटलं.

सुमेध रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत थोडी कीव होती. "चलो, जाऊ दे," एवढंच म्हणाले.

नवा फोन आला. त्यावर त्यांनी ती गाणी शोधली नाहीत. सायोचं नावही काढलं नाही. मी जिंकले असं वाटून मी एका संध्याकाळी त्यांच्या आवडीचे मटारचे पराठे करायला घेतले. पीठ मळता मळता गुणगुणत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मागे वळले तर सुमेध दारात उभे होते.

"काहून थांबलीस?" ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की मी सायोची नुसती चाल गुणगुणत नव्हते. शब्द म्हणत होते. सगळे, न अडखळता.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर सुमेधनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मी पिठाच्या हातानं उभी राहून पुढचं कडवं म्हटलं.

फार चांगले दिवस गेले. सुमेध ऑफिसातून सरळ घरी यायचे. माझ्यामागे स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे. मी गायचे. माझा आवाज जाडसर आहे, शाळेत मला कोणी कोरसमध्येही घेतलं नव्हतं. आता तो स्वच्छ निघायचा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेमधे "हो" म्हणायचे. कधी हसायचे. मी काय बोलले ते मला ठाऊक नसायचं, म्हणून मीही हसायचे.

हसता हसता एक दिवस मला तोच मत्सर पुन्हा वाटला. माझ्या तोंडून माझ्या नवऱ्याला कोणी काय सांगत होतं?

सुमेध आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी पुढच्या खोलीत बसून अवंतीला फोन लावला.

"एक गाणं म्हणते. अर्थ सांग."

मी गायले.

"हेमा, हे तू कुठं शिकलीस?"

"अर्थ सांग ना."

"हे तिच्या कुठल्या अल्बममध्ये नाही. मी सगळे ऐकलेत. आणि हे पुरुषाला उद्देशून नाही गं. ती ओनेसान म्हणते. म्हणजे ताई."

"काय म्हणते?"

"ताई, तू दमलीस. इतकी वर्षं केलंस. आता तू बस."

"आणखी?"

"राहू दे ना."

"अवंती, सांग."

"तुझं बोलणं मला आता येतं, म्हणते."

पेपर घडी केल्याचा आवाज आला.

"अगं, चहा ठेवते का?" सुमेधनी आतून हाक मारली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"ठेवून राहिले ना. बसा तुम्ही," स्वयंपाकघरातून कोणीतरी म्हणालं. जाडसर आवाजात.

"कोणाला म्हणालीस गं, बसा म्हणून?" अवंतीनं फोनवर विचारलं.

मी फोन कानापासून खाली घेतला. गॅस पेटल्याचा आवाज आला. आलं ठेचल्याचा आला. सुमेध उठून तिकडे गेले, स्टूल ओढलं, काहीतरी म्हणाले आणि दोघं हसली.

मग ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला. एक, आणि दुसरा.

मी तिसऱ्याची वाट बघत बसले.