नखाएवढा पर

एप्रिलच्या त्या आडव्यातिडव्या पावसात तोराच्या जाळ्यात सापडली, ती एक टोपी.

विस्कॉन्सिनच्या त्या दरीतला ओढा गढूळ होऊन काठ चढत होता. ओढ्यातल्या ट्राउट माशांची मोजदाद हे तोराचं काम. पुरात पिल्लं वाहून चाललीत का, ते ती पुलावरून लांब दांड्याचं जाळं टाकून पाहत होती. तेवढ्यात कुरणातून एक उंच तरुण धापा टाकत आला.

"अहो, ती टोपी माझी!"

तोराने टोपी मासे मोजायच्या मापाच्या पट्टीवर ठेवली. "लहान आहे. मापात बसत नाही. नियमाप्रमाणे पाण्यात सोडावी लागेल."

"आणि टोपीवाला मापात बसला तर?"

"तो आधी जाळ्यात तर येऊ दे!"

नाव तोरा, आणि थोडा तोरा होताही. टोपी मात्र तिने हसत परत केली.

तो तरुण, एमिल, वरच्या अंगाला मत्स्यबीज केंद्रात कामाला होता. त्या दिवसानंतर त्याला ओढ्यावर यायला रोज नवं निमित्त सापडू लागलं. कधी डेअरीतले दाताखाली कुरकुरणारे ताजे चीजचे तुकडे, कधी नुसतंच "इकडून चाललो होतो…" 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"एका पुराने एवढं काय बिघडतं गं?" त्याने एकदा विचारलं.

"मोठा मासा दगडाआड तग धरतो रे. पण पिल्लू खडीतून नुकतं वर येतं, तेव्हा त्याला धड पोहताही येत नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळा कोरडा गेला, पाणी तापलं. गेल्या साली ऐन हिवाळ्यात बर्फ वितळून पूर आला, अंडी खडीसकट गेली. यंदा अंडी जगली, पिल्लं वर आली… आणि त्याच आठवड्यात हा पाऊस!" तिने जाळं झटकलं. "मोंटानातून नोकरीचं बोलावणं आलंय मला. पिल्लंच नसलेल्या ओढ्यावर मी काय मोजू? ऑगस्टच्या मोजणीत एक जरी पिल्लू सापडलं, तर राहीन."

"पैज?"

"पैज."

ऑगस्टमध्ये एमिल पाठीवर बॅटरी घेऊन पाण्यात उतरला. विजेच्या हलक्या झटक्याने मासे क्षणभर गुंगायचे, तोरा ते जाळ्यात घ्यायची, मोजून सोडायची. सगळे मोठे, जुने. ऊन चढलं, तिचा चेहरा उतरला.

"तोरा! बादलीत बघ…"

बोटभर पिल्लू! तिने ते ओल्या तळव्यावर घेतलं, कुशीवर वळवलं, आणि थबकली. ट्राउटच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे नखाएवढा पर असतो. तो नव्हता.

"एमिल, याचा पर कुठाय?"

"अं… पडला असेल."

"केंद्रातल्या पिल्लांचा कापतात, ओळखू यावीत म्हणून. कोण कापतं रे?"

"…मीच."

"मला फसवतोस?"

"तू जाऊ नयेस म्हणून गं! सरळ सांगायला जीभ रेटेना… म्हणून मासा पुढे केला."

पिल्लू बादलीत सोडून ती तरातरा काठ चढली. रागाने की कशाने, डोळे भरले होते. आणि तिचा बूट गार चिखलात रुतला. तिथे झऱ्याचं पाणी पाझरून ओढ्याला मिळत होतं. पुराचा जोर इथवर पोचला नसावा. गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यात काहीतरी सळकन हललं.

तिने ओंजळ घातली. अंगावर फिकट ठिपके, आणि शेपटीच्या अलीकडे, नखाहूनही लहान—

"पर आहे! एमिल, पर आहे रे!"

तो धावत आला, घसरला आणि तिच्या पायाशीच चिखलात बसला. खळग्या-खळग्यात पिल्लं होती.

"म्हणजे मी जिंकलो?"

"लबाडी करणारा पैजेतून बाद."

"मग… जाणार?"

तिने ओंजळ हळूच पाण्यात टेकवली. पिल्लू सुर्रकन निसटलं.

"मोजून सोडायचं असतं ना," एमिल पुटपुटला. "आता मलाही सोडून देणार?"

तोराने मापाची पट्टी काढली, चिखलात बसलेल्या त्या उंच माणसाच्या खांद्याला लावली आणि भुवई उंचावली.

"मापात बसतोस. ठेवून घेते."