आरशातली पिवळी लाईट

ध्रुव, तो मोबाइल जरा उलटा ठेव. नम्रता, तू पण बस इथं, गॅलरीत वारा आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानं कोकणात मोटारसायकलवरून जायचं ठरवताय, हे माझ्या कानावर आलंय. हसा, हसा. या मजल्यावर मला चौकशी खिडकी म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

जायला माझी ना नाही. फक्त ज्या रस्त्यावर बोट फिरवत होतात ना, त्या रस्त्यानं आपल्याच चाळीतले दोघं गेले होते. तुम्ही नवराबायको इथं भाड्यानं आलात त्याच्या आधीची गोष्ट. त्यातला सम्यक मला स्वतः बोलला, म्हणून सांगतो.

मागच्या डिसेंबरातला शुक्रवार होता. सम्यक दारात आला. ‘वसंतकाका, नायलॉनची दोरी आहे का? बॅग बांधायचीय.’ दोरी दिली, आणि दोरीबरोबर मीही बाहेर आलो. आता पोरगं दोरी मागतंय आणि आपण कुठं चाललास हेही विचारायचं नाही, असं कसं चालेल?

बाहेर मनू बसला होता. मनू म्हणजे त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या मीराबाईंचा मुलगा. वडील तो लहान असतानाच गेले. थोरली बहीण मानसी. सम्यकची खोली त्यांच्याला लागून. त्याला भूक लागली की तो कुठल्या घरात शिरेल याचा नेम नसायचा. सहा तारखेला दादरला दोघांनी मिळून दिवसभर पाणी वाटलं होतं. खांदे अजून दुखत होते दोघांचे, पण डोळ्यांत फक्त रस्ता.

‘हायवे नको, काका,’ सम्यक म्हणाला. ‘भाऊच्या धक्क्यावरून गाड्या बोटीत चढवायच्या, मांडव्याला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली जात राहायचं. मधल्या खाड्या फेरीबोटीनं. झाडी, वाड्या, ट्रकचं नाव नाही.’

मीराबाई दारात उभ्या होत्या. चिवडा गल्लीतून आणलेला चिवडा पिशवीत भरत होत्या, म्हणजे नाही म्हणत म्हणत तयारीही चाललेली. ‘ह्याची गाडी तिसऱ्या हाताची,’ त्या म्हणाल्या. ‘दिवा बघ कसा, कंदिलासारखा. आडवाटेला पडला तर कोण बघणार?’

ते खरं होतं. हल्ली सगळ्यांचे दिवे पांढरे फटक. मनूच्या गाडीचा पिवळा. वर जरा थरथरायचाही.

‘मावशी, पुढे मी,’ सम्यक म्हणाला. ‘मनू मागे. आमचा नियमच आहे. पुढच्यानं प्रत्येक फाट्यावर थांबायचं. मागच्याची लाईट आरशात आली की हॉर्न द्यायचा, त्यानं उलटा हॉर्न दिला की मगच वळायचं. त्याची लाईट मी आरशातून जाऊ देणार नाही.’

‘शब्द?’

‘शब्द.’

‘आई, आता ह्याला पण शब्दात धर,’ मनू हसत म्हणाला. मग सम्यककडे वळून, ‘जेवायला आमच्याकडे आणि शब्द पण आमच्याच आईला.’

झालं. शनिवारी तेरा तारखेला उजाडायच्या आत दोघं निघाले. मी खाली जाऊन बघून आलो. गेटपर्यंतच.

दिवस छान गेला म्हणे. रेवदंडा, मुरूड, मग पहिली फेरीबोट. श्रीवर्धनला मासे खाल्ले, फोटो काढले. त्यात उशीर झाला. बागमांडल्याहून पलीकडे वेसवीला जाणारी फेरी मिळेपर्यंत अंधार पडला होता. चंद्र नाही. मुक्काम केळशीच्या अलीकडे एका घरात ठरलेला. फोनला रेंज नाही.

धक्क्यावरून गाड्या वर काढल्या. सम्यक पुढे. चढ, वळण, झाडी. आरशात पाहिलं. पिवळी लाईट. थरथरत येतेय.

पहिला फाटा आला. सम्यक थांबला. लाईट आली, जरा लांबच थांबली. सम्यकनं हॉर्न दिला.

उलटा हॉर्न आला नाही.

त्याला वाटलं, जुनी गाडी, हॉर्न गेला असेल. ‘मन्या, चल रे,’ असं ओरडला. लाईट जागची हलली नाही. सम्यक निघाला, तशी तीही निघाली.

दुसरा फाटा. पुन्हा तसंच. हा थांबला की ती थांबते. हा निघाला की निघते. अंतर तेवढंच. यानं मुद्दाम वेग कमी केला. तिनंही केला. यानं गाडी बंद केली, की मागच्या इंजिनाचा आवाज तरी ऐकू यावा...

आवाज नव्हता.

फक्त लाईट.

मी विचारलं त्याला, अरे मग मागे का नाही वळलास? तो म्हणाला, ‘काका, लाईट होती ना. मावशीला शब्द दिला होता तो लाईटचाच. लाईट दिसत असताना मी मागे कशाला वळू?’

तसाच तो मुक्कामाला पोचला. घरच्या पद्मजाताई टॉर्च घेऊन अंगणात आलेल्या. ‘एकटेच? दुसरे कुठायत?’

‘येतोय मागून. ती बघा ना लाईट.’

घराकडे येणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी लाईट उभी होती. पद्मजाताईंनीही पाहिली. तिघंही बघत राहिले, कारण त्यांचे यजमानही मागून बाहेर आले होते.

लाईट विझली.

आता गाडी लोटत येईल... आता चपलेचा आवाज येईल...

कोणी आलं नाही.

सम्यक टॉर्च घेऊन पाणंदीच्या तोंडापर्यंत पळत गेला. रस्ता रिकामा. हाक मारली. ती झाडीत गेली, परत आली नाही.

यजमानांनी एवढंच विचारलं, ‘वाटेत कुठं त्या लाईटनं हॉर्न दिला काय?’

‘नाही.’

ते तसेच वळले. आत जाऊन जीपची किल्ली घेऊन आले.

मनू सापडला तो धक्क्याच्या वरच्या पहिल्याच वळणावर. पहिल्याच. फाट्याच्याही अलीकडे. गाडी खाली करवंदीच्या जाळीत, दिवा फुटलेला, आणि तो गाडीपासून थोडा वर. वर, म्हणजे सरपटत रस्त्याकडे आलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच नाही गेला. बराच वेळ होता. कोणी मागे वळलं असतं तर...

पुढचं काही कानावर आलं, काही मी या गॅलरीतून पाहिलं. गाडीला चावी नव्हती. मनूच्या खिशात नव्हती, जाळीतही नाही. तिकडच्या पोलिसांनी सम्यकचे सगळे खिसे उलटे करून पाहिले, बॅग रिकामी केली. काही नाही. तो आपला सारखा एकच सांगत होता, त्याची लाईट माझ्या मागे होती. पद्मजाताईंनी सांगितलं, आम्हीही एक लाईट पाहिली. पोलीस म्हणाले, लाईट कोणाचीही असते.

चाळीत तर बोलायलाच नको. पुढे पळाला, मित्र पडलेला बघून घाबरून पळाला. काल ज्यांच्या घरात त्यानं सिलिंडर उचलून दिले, तेही बोलले.

एका रात्री जिन्यात बसला होता. मी शेजारी बसलो. म्हटलं, सम्यक, तुझं काही चुकलं नाही रे, ते दुसरंच काहीतरी होतं. रागानं बघितलं माझ्याकडे. ‘काका, तुमचं बरंय. तुम्ही भूत म्हणून मोकळे. आमच्या घरात लहानपणापासून एकच शिकवलं, असलं काही नसतं. मी दादरला उभं राहून दुसऱ्यांना हेच सांगतो. आणि आता मी मावशीला काय सांगू? ज्यावर माझाच विश्वास नाही ते?’

याचं उत्तर तुम्हाला येतंय का बघा.

मग मनूच्या जलदान विधीची संध्याकाळ. मीराबाईंच्या खोलीत वंदना झाली, माणसं पांगली. सम्यक दाराबाहेर उभा. आत यायची हिंमत नाही. मीराबाईंनीच त्याला आत घेतलं. एवढं होऊनही, बघा. म्हणाल्या, ‘तू सोडून नाही आलास एवढंच माझ्या डोळ्यांत बघून सांग. मी लोकांची तोंडं बंद करते.’

‘नाही आलो, मावशी. तो मागे होता.’

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगं रडायला लागलं. रुमाल काढायला जॅकेटच्या खिशात हात घातला. रुमाल आला.

आणि लादीवर काहीतरी वाजलं.

चावी. मानसीनं विणलेला निळा गोंडा तिला तसाच.

कोणी हललं नाही. सम्यक चावीकडे असा बघत होता, की... जाऊ दे. तो चेहरा मी पाहिला. मानसीनं पाहिला. मीराबाईंनी चावीच पाहिली.

‘मावशी, मी नाही... पोलिसांनी खिसे...’

‘ती त्याच्या गाडीला होती,’ त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. ‘म्हणजे तू खाली उतरलास. त्याच्यापर्यंत गेलास. चावी काढलीस. आणि त्याला ठेवून आलास.’

‘मी नाही गेलो.’

‘मग कोणी आणून दिली तुला?’

तो पुन्हा पुन्हा तोच खिसा चाचपत राहिला.

‘आपल्यात भुतं नसतात, सम्यक,’ मीराबाई म्हणाल्या. ‘मग राहिलास तू.’

त्यांनी दार लोटलं. त्यांच्या घरचं दार झोपायच्या वेळेआधी लावलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. सम्यक त्याच आठवड्यात खोली सोडून गेला. कुठं गेला, ते मलाही कळलं नाही. मला.

पण दार लोटायच्या आधीचं राहिलं सांगायचं. चावी लादीवर तशीच पडली होती. कोणी उचलेना, म्हणून मी वाकलो. उचलली आणि घाईनं मानसीच्या हातात दिली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.

मीराबाईंना दोघांनीही काही सांगितलं नाही.

ती चावी या हातातून त्या हातात घेत होती... तव्यावरून काढलेली भाकरी घेतात ना, तशी.