काचेमागची रेघ

दिवे आता लवकर येत नाहीत. बसा गच्चीवरच. आणि धाकट्या, तो मोबाईल उलटा ठेव. खालून उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस, मग माझं कोण ऐकणार?

उद्यापासून तुम्ही दोघं खाणीच्या कंपनीत काचा लावायला जाणार, असं वहिनी सांगत होती. जा की. रिकामं बसण्यापेक्षा बरं. पण त्याआधी काकाचं एवढं ऐका. सांगोवांगीची गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतली तो शाळेत माझ्या बाकावर बसायचा. पुढे गवंडी झाला. भिंत अशी सरळ उभी करायचा की सगळे त्याला ओळंबाच म्हणायचे.

तेव्हाही अशीच एका टेकडीवर नवी खाण व्हायची होती. परवानगी नव्हती, पण पायथ्याच्या घरांना काचा लावायचं काम निघालं आणि ते ओळंब्याला मिळालं. काम सोपं. भिंतीला तडा असेल तिथे काचेची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं पीओपीत बसवायची, पीओपी ओला आहे तोवर खिळ्यानं तारीख कोरायची. भिंत केसभर हलली तरी काच तुटते. सुरुंग सुरू झाल्यावर तुटली तर भरपाई कंपनीची. आधीच तुटली तर घर मुळात पडायला आलेलं. मग भरपाई नाही, वर घर धोक्याचं म्हणून रिकामं करायचं.

शेवटचं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. विधवा, एकटी. कंपनीला ट्रकच्या रस्त्यासाठी नेमकी तीच जागा हवी होती आणि बाई काही केल्या देत नव्हती. तेव्हा मुकादमानं ओळंब्याला बाजूला घेतलं.

"तिच्या पट्टीला मागून हिरा फिरव. एखादा ट्रक गेला की काम होईल. उद्या सकाळी अधिकारी तपासायला येतायत. खाणीच्या सगळ्या खोल्यांचं बांधकाम मग तुलाच."

हिरा म्हणजे काच कापायचा. त्याची रेघ ओढली की काच तिथेच तुटणार. ओळंब्याला नुकतीच मुलगी झाली होती, हाताला काम नव्हतं. गरजवंताला अक्कल नसते, हे खरं. पण मी त्याला कधी माफ केलं नाही, तेही सांगतो.

डिसेंबरातला दुसरा रविवार. बाई कपडे पोचवून अंधार पडल्यावर परतली. वीज गेलेली. शिवणयंत्राशेजारच्या भिंतीला तडा होता आणि बाजूलाच जुन्या गिलाव्यात एक हात उमटलेला. चार बोटं. अंगठा नाही.

"आमच्या ह्यांचा," बाई म्हणाली. "मागच्या जुन्या खाणीत सुरुंग लावायचे. हे घर त्यांनी स्वतः बांधलं. अंगठा खाणीनं आधीच घेतला होता. बाकीचे नंतर घेतले. दरड कोसळली… सापडलेच नाहीत."

मागून रेघ ओढलेली पट्टी ओळंब्याने पिशवीतून काढली, लावली, तारीख कोरली. आणि बॅटरी कोणी धरली होती, माहीत आहे? बाईनेच.

"नीट लावा हं, भाऊ. माझं सगळं आता त्या काचेवर आहे."

साडेनऊला तो मोटारसायकलवर निघाला. टेकडीला वळसा घालणारा रस्ता. जुन्या खाणीच्या तोंडाशी गाडी आपोआप बंद पडली. किक मारतोय, मारतोय, आणि आतून आवाज आला.

ठण…

ठण…

पहारीवर घण पडतो तसा. सुरुंगाचं भोक हातानं पाडायचे ना पूर्वी, तसा. ती खाण बंद होऊन किती वर्षं झाली होती. आत चिटपाखरू नव्हतं.

आवाज थांबला. मग शिट्टी. लांब. सुरुंग उडवण्याआधी देतात ती. ओळंब्याने कानांवर हात ठेवले. वाट पाहिली.

स्फोट झालाच नाही.

नुसती शांतता. दगडाच्या धुळीचा वास. आणि गाडीची मागची सीट… हळूच खाली दबली.

"भाऊ…"

पुरुषाचा आवाज. अगदी मानेशी.

"नीट लावलीत ना?"

ओळंब्याने मागे पाहिलं नाही. खरं सांगून टाकलं असतं तर… पण माणूस घाबरला की आधी खोटं बोलतो.

"हो," तो म्हणाला.

खांद्यावर हात पडला. गार. एक बोट… दोन… तीन… चार.

पाचवं नाही.

गाडी सुरू झाली. घरापर्यंत सीट दबलेलीच होती. दारात ती वर आली. बायको म्हणाली, "अहो, खांद्यावर ही पांढरी धूळ कसली?" तो न जेवता पांघरूण ओढून पडला.

सकाळी अधिकाऱ्यांबरोबर बाईच्या घरी गेला. पट्टी शाबूत. त्याने बाजूने बॅटरी मारून पाहिलं. मागे रेघ नव्हती. एक ओरखडा नव्हता. अधिकाऱ्यांनी घर चांगलं आहे असं लिहून घेतलं. बाईने ओळंब्याला हात जोडले. त्या हातांकडे बघवेना, असं तो मला म्हणाला.

घरी आला तर बायको पाळण्यापाशी उभी.

"ही काच तुम्ही कधी लावलीत हो?"

पाळण्याच्या वर. कोऱ्या भिंतीवर, जिथे तडा नव्हताच. तारीख त्याच्याच अक्षरात. काचेमागे हिऱ्याची रेघ. आणि एका टोकाच्या पीओपीत दाबलेली चार बोटं.

बायको त्याच दिवशी लेकीला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. त्या नव्या खाणीच्या परवानगीचं घोंगडं अजून भिजतच पडलंय, सुनावण्या चालूच आहेत. बाईचं घर उभं आहे, शिवणयंत्र चालू आहे. ओळंबा समोरच्या भिंतीला टेकून त्या काचेकडे बघत बसतो. रस्त्यानं ट्रक गेला की श्वास धरतो. काढायला हात लावत नाही. तुटली तर? आणि तुटल्यावर काय होईल, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

परवाच गेलो होतो त्याच्याकडे. त्याची मुलगी आता सातवीत आहे. म्हणजे बघा, ती काच लागून बारा वर्षं झाली. पीओपी पंधरा मिनिटांत दगड होतो, ते उद्या तुम्हाला कळेलच.

ओळंब्याचा डोळा लागला होता. मी हळूच जवळ गेलो… त्या चार बोटांच्या खुणेला बोट लावून पाहिलं…

पीओपी ओला होता.