उतरताना दिलेला हात

ही हकीकत खरी आहे.

ती कुठे वाचलेली नाही, कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या धाकट्या भावाच्या घरात ती घडली, आणि जिच्यावर ती गुदरली त्या सूनबाईनेच ती मला सांगितली. सांगताना तिने एकदाही मान वर केली नाही. भ्यालेला माणूस बोलता बोलता समोरच्याच्या डोळ्यांत आधार शोधतो. ती जमिनीकडे पाहत होती.

लाजेने.

मध्यरात्र, ओसाड विहीर, मिणमिणता कंदील, यांतले काहीच या हकिकतीत नाही. सुट्टीच्या दिवसाची उतरती संध्याकाळ होती. भरती चढत होती. ठिकाण म्हणजे समुद्रात खांब रोवून, वर फळ्या टाकून बांधलेला तो फिरण्याचा जुना धक्का, जिथे एकेकाळी सारे गाव हवा खायला लोटत असे.

त्या धक्क्याच्या टोकाला उडत्या खुर्च्यांची चक्री होती.

मधोमध आरसे जडवलेला जाड लाकडी खांब. वर छत्रीसारखे रंगीत छत. छताच्या कडेने साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या. खाली फळ्यांचा गोल ओटा, तोही खांबाबरोबर फिरणारा. चढण्याउतरण्यासाठी एकाच बाजूला पायऱ्या. चक्रीने वेग घेतला की खुर्च्या बाहेर फेकल्या जात, आणि बसलेल्याच्या पायांखाली एकाएकी समुद्र येई.

माझा भाऊ, ज्याला घरात सगळे अण्णा म्हणतात, तो त्या चक्रीवरच लहानाचा मोठा झाला. पुढे दातांचा डॉक्टर झाला, केस पिकले, दवाखाना मुलाच्या हाती सोपवला. पण चक्रीचा विषय निघाला की हा भारदस्त गृहस्थ क्षणात पोरगेला होई.

त्या दुपारी चहाच्या वेळी बातमी आली की चक्री आता मोडीत निघणार.

"मग आज जायचंच," अण्णा म्हणाले. "सगळ्यांनी. पुन्हा मिळायची नाही."

"या वयात गरगर फिरून तोंडावर आपटाल," त्यांची बायको, म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, म्हणाल्या. "जन्मभर लोकांचे दात काढलेत, आता स्वतःचे पाडून घ्या."

"अगं, पडू कसा देईल तो? भोवरा असायचा ना तिथं."

"कोण भोवरा?" मुलाने विचारले.

आणि अण्णा उठले.

चक्रीवर एक ब्रेकवाला असे. चक्री वेग घेण्याआधी तो फिरत्या ओट्यावर उलट्या दिशेने चालत प्रत्येक खुर्चीची साखळी ओढून पाही. वर्षानुवर्षे असे चालून त्याची चाल कायमची तिरपी झाली होती. एक खांदा आत कललेला, एक पाय जड. सपाट रस्त्यावरही तो असा चाले, जणू जमीन त्याच्या पायांखालून सरकते आहे. म्हणून पोरांनी त्याचे नाव ठेवले होते भोवरा.

अण्णांनी बैठकीच्या खोलीत तसे चालून दाखवले. खांदा पाडून, पाय ओढत, टेबलाला वळसा घालून.

मुलगा पोट धरून हसला. "गरिबाची टर उडवू नये हो," असे म्हणत सासूबाईही हसल्या.

सूनबाई हसली. सगळ्यांचे हसू ओसरले तरी ती हसतच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते हसण्याचेच आहे असे सर्वांनी गृहीत धरले.

भोवरा तिचा बाप होता.

ती त्याला उतारवयात झालेली, आणि तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो वारला होता. आई त्याच्याही आधी गेलेली. स्थळ मामाने जमवले, आणि बोलणी करताना मामाने सांगितले की मुलीचे वडील कारखान्यात मोठ्या यंत्रांवर होते. ती शेजारी बसली होती. तिने दुरुस्ती केली नाही. तेव्हा केली नाही आणि पुढे करण्याची वेळ निघून गेली, असे ती स्वतःला समजावत आली होती.

एक गोष्ट मात्र त्या दुपारी तिच्या काळजात रुतली. अण्णांची नक्कल चुकली होती. ते डावा पाय ओढत होते. तिच्या आप्पांचा उजवा पाय जड होता. हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होते...

आणि तरी ती हसली होती.

संध्याकाळी धक्क्यावर विशेष कोणी नव्हते. वारा खारट आणि ओला होता. चक्रीच्या गल्ल्यावर एक वयस्क बाई लोकर विणत बसल्या होत्या.

"चार जण," अण्णा म्हणाले. "आणि बाई, तुमचा तो भोवरा कुठाय?"

बाईंच्या सुया थांबल्या. "वारले ते. तुमच्या ओळखीचे का?"

"ओळख कसली. आम्ही त्याची नक्कल करायचो."

"सगळेच करायचे," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्यासारखा ब्रेक दाबणारा पुन्हा मिळाला नाही. दांड्यावर नुसते रेलायचे, आणि जी खुर्ची हवी ती बरोबर पायऱ्यांसमोर आणून उभी करायचे. आता तो दांडाही नाही. उपटून टाकला. बटण दाबलं की वीज जाते, मग चक्री तिच्या मनाला येईल तिथं थांबते." सुया पुन्हा चालवत त्या पुढे म्हणाल्या, "त्यांना एक मुलगी होती म्हणतात."

सूनबाई समुद्राकडे पाहू लागली.

सगळे खुर्च्यांवर बसले. तिने आपली साखळी अडकवली. चक्री अजून सुरू झाली नव्हती.

तेवढ्यात...

मागून कोणीतरी तिची साखळी ओढून पाहिली.

एकदा हलकेच. मग एकदा जोराने.

तिने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. बाई गल्ल्यावरच होत्या.

चक्री फिरू लागली. आरसे, धक्का, समुद्र, पुन्हा आरसे. अण्णा पुढच्या खुर्चीवर हात पसरून लहान मुलासारखे ओरडत होते. मग वीज बंद झाली, खुर्च्या खाली येऊ लागल्या, आणि तिच्या नाकाला एक वास आला...

तापलेल्या चामड्याचा.

ब्रेकच्या दांड्याला चामड्याची गादी असे. ती लोखंडी कड्यावर घासली की हा वास येई. आप्पांच्या सदऱ्याला तो कायम असायचा. कितीही धुतला तरी.

तिची खुर्ची येऊन बरोबर पायऱ्यांसमोर उभी राहिली.

"वा," अण्णा म्हणाले. "हुबेहूब जुन्यासारखी. पुन्हा एकदा."

या खेपेला ती मुद्दाम पलीकडच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. कोणाला काही सांगितले नाही. साखळी पुन्हा ओढली गेली. तिने वळून पाहिलेच नाही. डोळे मिटून घेतले. चक्री फिरली, मंदावली, वास आला...

डोळे उघडले तेव्हा समोर पायऱ्या होत्या.

"तुझी आणि हिची जुनी ओळख दिसते," नवरा हसून म्हणाला.

"योगायोग," ती म्हणाली.

गल्ल्यावरच्या बाई आता विणत नव्हत्या. बटणाकडे पाहत होत्या.

अण्णांचे मन भरले नव्हते. "शेवटची," ते म्हणाले. "मग जन्मात नाही मागणार." सूनबाईने डोके गरगरते असे कारण दिले आणि ती खालीच, कठड्याला धरून उभी राहिली. तिघे जण वर गेले.

ठरल्या वेळी बाईंनी बटण दाबले. खांबावरचे दिवे विझले. यंत्राची घरघर बंद झाली.

चक्री थांबली नाही.

वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. अंधुक उजेडात खुर्च्या समुद्रावरून जात होत्या आणि परत येत होत्या.

"थांबवा की, बाई," पहिल्यांदा अण्णा हसत म्हणाले.

पुढच्या फेरीला ते हसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता आणि एक हात छातीवर होता. सासूबाई समोरून जाताना एकच शब्द म्हणाल्या, "सूनबाई..." आणि तो शब्द वाऱ्याबरोबर समुद्रावर गेला.

"वीज गेलीये हो," बाई पुटपुटल्या. "फिरायला आत काही राहिलंच नाही."

तेव्हा सूनबाईचे लक्ष ओट्याकडे गेले.

ओटा फिरत होता. एकेक फळी तिच्यासमोर येत होती आणि पुढे जात होती. आणि जी फळी बरोबर तिच्यासमोर येई...

ती दबत होती.

एक फळी थोडी. पुढची जास्त. मग थोडी. मग जास्त. शेजारची एकही फळी हलत नव्हती. फिरत्या ओट्यावर कोणीतरी उलटे चालत होते, ओट्याच्याच वेगाने, म्हणून जागच्या जागी. तिच्यासमोर. हात लांब केला असता तर पोचला असता इतक्या जवळ.

जड पाय उजवा होता.

तिला कळले. काय करायला हवे तेही कळले. त्याला काही मोठे नको होते. एक हाक पुरे होती. पण ती मोठ्याने मारायला हवी होती, त्या तिघांना ऐकू जाईल अशी.

अण्णांची मान एका बाजूला कलली.

"आप्पा," ती म्हणाली. आवाज फुटला नाही. तिने कठडा घट्ट धरला आणि पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "आप्पा, पुरे आता. उतरवा त्यांना."

फळ्या दबायच्या थांबल्या.

कुठेतरी लोखंडावर चामडे घासल्याचा लांब, मऊ आवाज झाला. तापलेला वास आला. चक्री मंदावली, आणि अण्णांची खुर्ची पायऱ्यांसमोर येऊन अलगद उभी राहिली. त्यांची साखळी त्यांनी सोडली नव्हती. तरी ती सुटली. अण्णा कोणाचा तरी हात धरल्यासारखे उजवा हात पुढे करून एकेक पायरी उतरले.

नवरा आणि सासूबाई मागून धावत आले. बाईंनी बसायला स्टूल दिले, पाणी दिले. अण्णांचा श्वास हळूहळू खाली बसला.

"कोण होता तो?" ते म्हणाले.

"कोण, अण्णा?"

"मला हात दिला तो. खरबरीत हात होता, गरम. आभार मानायचे राहिले." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिले. "मला म्हणाला, सावकाश उतरा, व्याही."



"वाऱ्यानं कानात काहीही ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या.

"व्याही कशाला म्हणेल तो मला?" अण्णा म्हणाले. मग त्यांनी सूनबाईकडे वळून विचारले, "आणि तू हाक कुणाला मारलीस? आप्पा कोण?"

तिघांचे चेहरे तिच्याकडे वळले. त्यांत राग नव्हता, संशय नव्हता. नुसता प्रश्न होता. एका वाक्याचे काम होते. नुकताच ज्याने तिच्या माणसांना सुखरूप खाली आणले होते, तो अजून त्या ओट्यावरच उभा असावा, कारण वास गेला नव्हता.

"या बाईंचे कोणी मदतनीस आहेत," ती म्हणाली. "मगाशी यांनी त्यांना तशी हाक मारलेली ऐकली, म्हणून मीही मारली."

गल्ल्यावरच्या बाईंनी तिच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला आणि गल्ला बंद करू लागल्या.

वास गेला.

"तो जाताना मला कळलं," सूनबाई मला सांगत होती. "दारातून माणूस मागं फिरावा तसा गेला. माझं हे खोटंही आप्पांनी ऐकलं, काका."

यानंतर थोड्याच दिवसांत चक्री खरोखरच मोडीत गेली. खांब, छत, खुर्च्या, सारे गाड्यांतून गेले. धक्क्याच्या टोकाला आता रंग न उडालेल्या फळ्यांचे एक वर्तुळ तेवढे आहे. अण्णांनी ती नक्कल पुन्हा कधी केली नाही. त्या संध्याकाळविषयी घरात कोणी बोलत नाही.

पण दर सुट्टीला, ऊन उतरले की अण्णा एकटेच धक्क्यावर जातात. दिवेलागणीला परत येतात. चष्म्याच्या काचांवर खारट पाण्याची पुटे चढलेली असतात. ते चष्मा काढून सूनबाईच्या हाती देतात आणि ती तो पुसून देते. पहिल्यांदा तिने सहज विचारले होते, "कोणी भेटलं का, अण्णा?"

"हो," ते म्हणाले. "आमचे व्याही असतात तिथं."

ते चेष्टेने बोलतात की काय, हे तिला कळेना. चेहरा गंभीर होता आणि प्रेमळही.

"चांगला माणूस आहे," अण्णा म्हणाले. "फार बोलत नाही. निघताना एकच विचारतो... तू कधी येतेस म्हणून."

मी अण्णांना काही सांगितलेले नाही. त्यांना काय ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस मला होत नाही, आणि मागच्या महिन्यात ते मलाही बरोबर चला म्हणाले, तेव्हा गुडघ्यांचे निमित्त सांगून मी घरीच राहिलो.

सूनबाई दर सुट्टीला चष्मा पुसते. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहते. अण्णा हात पुढे करून वाट पाहतात, घाई करत नाहीत.

ती अजून गेलेली नाही.