किरीचं कपाट

माझी बायको नोबुए गेली, तेव्हा तिच्या आवाजाची एकच रेकॉर्ड मागे राहिली. आमच्या कामो गावातल्या बायकांच्या गायनवृंदाने हौसेने काढलेली. दुसऱ्या गाण्यात एक ओळ ती एकटी गाते. पण रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन हलायची आणि सुई उडायची. ती ओळ धड ऐकायला मिळेना.

माझा शाळासोबती ओगुरा रेकॉर्ड प्लेअर विकतो. तो म्हणाला, "तादाओ, रेकॉर्डची चाळण करशील. खाली वजनदार स्टँड हवा. दगडी माथ्याचा आहे माझ्याकडे."

"ठेवू कुठे? खोलीत नोबुएचं कपाट आहे."

"मग ते काढ."

किरीच्या लाकडाचं, खणांचं कपाट. ती जन्मली तेव्हा वडिलांनी झाड लावलं, लग्नात तोडून कपाट केलं. मी प्लेअर त्यावरच ठेवून पाहिला. ओगुरा हसत सुटला. "लेका, या लाकडाची वाद्यं करतात! ते गप्प बसेल होय?"

शेवटी मी हो म्हटलं. खणांतले तिचे किमोनो मेहुणीला दिले. ओगुरा जेवून स्टँड आणणार होता, कपाट नेणार होता. त्याआधी रेकॉर्ड लावली.

चांगल्या किरीच्या कपाटात हवेला फट नसते. एक खण ढकलला की दुसरा बाहेर येतो. म्हणून तळचा खण बोटभर सरकला, तेव्हा मी नुसता मागे लोटला. मग लक्षात आलं, मी तर कुठलाच खण ढकलला नव्हता.

तो पुन्हा सरकला. बाहेर, आत. गाण्याची ओळ संपली की थांबायचा.

हवेचाच खेळ असेल म्हणून वरचा खण पूर्ण उपसून काढला. आता हवा कोंडणार नव्हती.

तळचा हलतच राहिला.

वरच्या पोकळीपाशी हात धरला. तळव्यावर वारा आला. उबदार होता. मग परत आत गेला.

दुसरं गाणं सुरू झालं. तिची ओळ जवळ आली.

वारा आत गेला. खोल. माझी बाही आत ओढली गेली.

बाहेर ओगुराच्या गाडीचा भोंगा वाजला. मी दचकून सुई उचलली.

ओगुराला दारातूनच परत पाठवलं. "कपाट राहू दे."

"आणि रेकॉर्ड रे?"

"नाही लावणार."

आता रोज पोकळीपाशी हात धरून बसतो. तिच्या ओळीसाठी आत घेतलेला तो श्वास अजून बाहेर आलेला नाही.