सरदारच्या टँकमध्ये दुसरं कोण?

अर्धी शेपटी.

तळहाताएवढा आरसा.

तीस लिटर पाणी, एक थेंबही जास्त नाही.

छत्तीसपैकी चौतीस गुण.

गेरू वसाहतीचा नियम पहिला : कोणीही, कुठेही, एकटं नाही.

हे सगळे तुकडे उर्वी सुर्वे हिच्या एकाच सकाळचे आहेत. उर्वी दहा वर्षांची. जन्म मंगळावरचा, गेरू वसाहतीतला. तिथे शाळेत जाताना दोघं, जेवताना दोघं, झोपायच्या खोलीतही दोघं. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही, म्हणून सुरुवातीला हा नियम बाहेर जाण्यापुरताच होता. पुढे तो सवयीने घरात शिरला. वसाहतीत कोणी एकटं बसलेलं दिसलं, की लोक धावत जाऊन विचारतात, “काय झालं? बरं नाही का?”

आणि उर्वीच्या टँकमध्ये मात्र एकच मासा होता. सरदार. निळाजांभळा, लांब झुळझुळीत पंखांचा बेट्टा.

“एकटाच आहे गं तो,” मैत्रिणी म्हणायच्या. “कसंसंच होतं बघून.”

म्हणून त्या सकाळी उर्वीने पळीला विचारलं. पळी म्हणजे पाणीखात्याचा यंत्रमानव. त्याचा एक हात पळीसारखा खोलगट होता, म्हणून हे नाव.

पळीने गणित मांडलं. सरदारला सव्वीस अंशांचं पाणी लागतं, गप्पी माशालाही चालतं. खाणं जवळपास सारखं. आकार लहान.

“छत्तीसपैकी चौतीस गुण जुळतात,” पळी म्हणाला. “शुभस्य शीघ्रम्.”

वसाहतीच्या मत्स्यकोठारातून केशरी शेपटीचा एक गप्पी आला. उर्वीने त्याला टँकमध्ये सोडलं आणि ती टाळ्या वाजवायला लागली.

पळीची नोंद, आठ वाजून चार मिनिटं : सरदारने कल्ले पसरले.

आठ वाजून सहा : पाठलाग.

आठ वाजून नऊ : गप्पीची शेपटी अर्धी. हाताने बाहेर काढला. जिवंत.

“आता ऐक,” पळी म्हणाला. “ही पहिली मारामारी. दुसरी झाली, तर टँक बंद. तीस लिटर पाणी सार्वजनिक टाकीत आणि सरदार कोठारातल्या नळीत. एवढ्याशा.” त्याने बोटाने अंतर दाखवलं. “नियमच आहे.”

उर्वीला रडू फुटलं. ते ऐकून शेजारच्या प्रयोगशाळेतून आप्पा आले. आप्पा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. वामन सुर्वे. पृथ्वीवर असताना रत्नागिरीला ते माशांचा अभ्यास करायचे.

त्यांनी आधी गप्पीकडे पाहिलं. “शेपटी पुन्हा वाढेल. पाणी स्वच्छ ठेव, झालं.” मग पळीकडे वळले. “आणि तू रे? पत्रिका पाहिलीस, नवरा मुलगा पाहिलास का?”

“पाण्याचे सगळे आकडे जुळत होते,” पळी म्हणाला.

“पाण्याचे. माशाचे नाही.”

आप्पांनी खिशातून आरसा काढला आणि टँकच्या काचेला लावला. सरदार एकदम फुगला. कल्ले ढालीसारखे पसरले, पंख ताणले गेले. आप्पांनी लगेच आरसा काढून घेतला.

“फार वेळ धरायचा नाही, दमतो तो. काय दिसलं त्याला?”

“स्वतःच,” उर्वी म्हणाली.

“त्याला ते कळत नाही. त्याला दिसला दुसरा नर. उथळ पाण्यातली एवढीशी जागा बेट्टाचा नर आपली मानतो. तिथे पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, पिल्लं राखतो. ही त्याची हद्द (स्वतःची मानून राखलेली जागा). रंगीत, लांब शेपटीचं कोणी आत आलं, की शत्रूच.”

“गप्पीची शेपटी केशरी होती,” उर्वी हळूच म्हणाली. “आणि लांब. मीच सुंदर बघून निवडला.”

“तू सुंदर बघितलंस, बाय. त्याला भाला दिसला.”

उर्वीने डोळे पुसले. “मग मला शोधू द्या. सहनिवासी (एकाच टँकमध्ये सोबत राहणारा जीव) कसा हवा ते.”

“शोध की. मी नाही सांगणार.”

ती मोठ्याने विचार करू लागली. “दिसायला त्याच्यासारखा नको. झगझगीत नको. पंख कुरतडणारा तर नकोच, सरदारचेच पंख लांब आहेत. मग गोल्डफिश? तो शांत असतो.”

“त्याला थंड पाणी बरं वाटतं,” पळी मध्येच म्हणाला. “आणि तो फार मोठा होतो.”

“बघा, आता कसा बोलतो!” आप्पा हसले.

“तळाशी राहणारे छोटे मासे? सरदार वर असतो, ते खाली. भेटच नाही.”

“कल्पना छान. पण ते कळपाने राहतात, निदान सहा तरी. आणि तीस लिटरमध्ये सहा?”

“गर्दी. पळायला जागाच नाही.” उर्वी थांबली. “कोळंबी?”

“लहान असेल तर सरदार नाश्ता करेल.”

“पाण्यातली गोगलगाय,” उर्वी म्हणाली. “शेपटी नाही, झगमग नाही, शेवाळ खाते. कवच आहे. टोचलं तर आत जाईल.”

आप्पांनी आरसा खिशात ठेवला. याचा अर्थ हो.

पण पळीने परवान्याची पाटी पुढे केली, आणि सहीपाशी उर्वीचा हात अडला. निवड चुकली, तर सरदार नळीत.

“आप्पा, गोगलगायही नाही चालली तर?”

“काही बेट्टांना कोणीच चालत नाही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.”

“मग तो एकटा राहील.”

“तो खातोय का?”

“हो.”

“बुडबुडे बांधतो?”

“रोज.”

“मग दुःखी कोण आहे, उर्वे? नीट बघून सांग.”

उर्वी बराच वेळ सरदारकडे बघत राहिली. तो वर आला, हवेचा एक घोट घेतला (बेट्टा कल्ल्यांशिवाय थेट हवेतूनही श्वास घेतो), आणि पानाखाली जाऊन निवांत टेकला.

“मी,” ती म्हणाली. “मला कसंसं होत होतं. त्याला नाही.”

तिने पाटीवर आधी एक ओळ लिहिली : ‘शेजारी रिकामी बरणी तयार ठेवीन. सरदार टोचतच राहिला, तर गोगलगाय लगेच बाहेर. तो एकटा राहिला तरी चालेल.’ मग सही केली.

पळीची नोंद, दहा वाजून वीस : गोगलगाय आत.

दहा एकवीस : सरदारने कल्ले पसरले. एकदा टोचलं. कवच.

दहा चोवीस : पुन्हा जवळ. नुसतं पाहिलं.

दहा चाळीस : सरदार वर. गोगलगाय काचेवर, शेवाळ खात. मारामारी नाही.

“टँक चालू ठेवायला हरकत नाही,” पळी म्हणाला. मग जरा थांबून, “गुण मोजायच्या यादीत मी स्वभाव घालू का? आणि जागा?”

“घाल,” उर्वी म्हणाली. “पुढच्या वर्षी शाळेत नव्वद लिटरचा टँक येणार आहे. तिथे सरदारसोबत तळाच्या सहा माशांचं बघू. आधी सरदारला विचारून.”

दुपारी ती मोठ्या खिडकीपाशी जाऊन बसली. एकटी. समोर तांबडी टेकडी होती, वारा धूळ उडवत होता. जाणारे-येणारे थबकून विचारत होते, “बरं नाही का गं?”

“बरंय,” ती म्हणत होती. “बघतेय नुसती.”

आप्पा मात्र काही न विचारता पुढे गेले; ते पहिल्यांदा मंगळावर उतरले, तेव्हा एकशे दहा दिवस इथे एकटेच होते.