बेचाळीस फूट

आमच्या मागच्या उंबऱ्यापासून आडाच्या कठड्यापर्यंत बेचाळीस फूट अंतर आहे. पाणी त्याखाली बारा फुटांवर. हे मी स्वतः मोजलंय, विजूला टेपची पितळी कडी धरायला लावून. चौऱ्याहत्तरची दिवाळी नुकतीच झाली होती. शाळेची शंभर फुटी कापडी टेप, चामड्याच्या डबीतली, दोन वर्षांत कुणी उलगडली नव्हती. ती कुठे कुजलीबिजली नाही ना, एवढंच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोयनेला निघणार होतो. आमच्या इस्लामपूरच्या पोरांना ऊस आणि ऊसच माहीत. नाताळच्या सुट्टीत छत्तीस मुलंमुली घेऊन धरणाच्या पाण्याकाठी तीन दिवस तंबू ठोकायचे, हे खूळ माझं. दीड वर्ष हेडमास्तरांच्या हात धुऊन मागे लागलो तेव्हा कुठे ते हो म्हणाले, तेही आधी जागा बघून या, अशा अटीवर. यादीत पहिलं नाव माझ्याच लेकीचं, विजयमालाचं. सातवीत होती. तिला आई नाही. माझी आत्ती राहीबाई, तिनंच तिला वाढवलं, त्यामुळे घरात शेवटचा शब्द आत्तीचा.

सकाळी ड्रिलमास्तर दादासो आणि शिपाई कृष्णात घरी आले. दादासो फौजेतून हवालदार होऊन परतलेला गडी. आत्तीनं आम्हाला दारात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तिघंच चाललायसा?"

ती आडाजवळ गेली आणि एक दगड उचलून आणला. काळा, लिंबाएवढा, एका अंगानं चपटा. माझ्या तळहातावर ठेवला.

"हा चौथा. खिशात ऱ्हाऊ दे. आन परत आलास की जितनं उचललाय तितंच ठिवायचा. इसरू नगंस, अर्जुना."

"आत्ती, मी भूगोल शिकवतो."

"शिकीव की. नगं कोण म्हणतंय?"

कराड, पाटण, पुढे घाटाची वळणं. एस.टी.त दादासो सारखा माझ्या खिशाकडे बघून म्हणायचा, "सर, चौथ्याचं तिकीट काडलंसा का?" मी चिडत होतो आणि त्याला त्याचीच मजा येत होती.

कोयनानगरच्या पुढे नाथाजी होडी घेऊन थांबला होता. पन्नाशीचा, बोलायला कंजूष. त्याचं गाव पाण्याखाली गेलेलं, तो तेवढा काठावर राहिलेला. त्यानं पलीकडे जांभळीच्या माळावर नेलं. जागा बघून मी खरंच खूश झालो. आखूड गवत, बेताचा उतार, दुपारची सावली, पाणी हाकेच्या अंतरावर. सहा तंबू सहज बसले असते. मी मनातल्या मनात विजूचा तंबू जांभळीखाली टाकूनही दिला.

खुंट्यांच्या जागा बघायला वाकलो की खिशातला दगड मांडीला टोचायचा. तीनचारदा टोचला. शेवटी वैतागून काढला आणि पाण्यावरून भिरकावला. चार टप्पे घेऊन बुडाला.

"आवं सर, चौथा गडी बुडवलासा की," दादासो म्हणाला. आम्ही तिघेही हसलो. नाथाजी हसला नाही.

मग मोजणी सुरू केली. दादासो कडी घेऊन पाण्याकडे गेला. मी डबी आणि वही सांभाळत होतो. टेप ताठ झाली तसा आकडा वाचला, एकाहत्तर. वहीत लिहिला. टेप गवतात अडकत होती म्हणून वर न बघताच म्हणालो, "जरा वर धरा."

टेप वर उचलली गेली.

"सर, मला म्हणलासा का?" दादासोचा आवाज माझ्या पाठीमागून आला. तो जांभळीखाली कृष्णातबरोबर खुंटी ठोकत होता.

मी समोर बघितलं. काठावर कुणी नव्हतं. टेप गवतावर गुडघाभर उंच होती, सरळ, ताठ. वारा म्हणावा तर पातं हलत नव्हतं.

मग ती सैल पडली.

"कडी तर मी कवाच खाली ठिवली हुती," दादासो म्हणाला. मी मनाशी म्हटलं, कुठल्यातरी मुळात अडकली असेल. कोयनेला जमीन हलते, हे भूगोलाच्या मास्तराला कुणी सांगायला नको. टेप गुंडाळताना शेवटचा हातभर भाग ओला लागला.

निघताना दादासोनं गिनती घेतली. पोरांकडून घ्यायची तशी, गंमत म्हणून. मी एक म्हणालो. कृष्णात दोन. तो स्वतः तीन.

मागे पाण्यात दगड पडल्यासारखा आवाज झाला. एकदाच.

होडीत नाथाजीनं वल्हं मारलं आणि थांबला. "येताना हलकी हुती," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय न्हाई. मधी सरकून बसा."

घरी आल्याबरोबर आत्तीनं विचारलं, "ठिवलास का जाग्यावर?" मी वाटेवरचा कुठलासा दगड आडाजवळ टाकून आलो आणि ठेवला म्हणालो. खोटं बोललो, कारण लाज वाटली.

आणि भीतीही वाटत होती, ती कशाला लपवू? माझ्या लेकीला त्या पाण्याकाठी नेणं माझ्यानं होणार नव्हतं. मी अहवालात जागा अयोग्य, पाणी खोल असं लिहिलं आणि दीड वर्षाच्या खटपटीवर स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. विजू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. पोरगी घरात होती, माझ्या डोळ्यांसमोर.

रविवारी दुपारी ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मग आमचं शिबिर परसात." आत्तीचं जुनं लुगडं घेतलं, माझ्या टेबलावरची टेप घेतली आणि मागच्या दारी गेली. मी सोप्यात पेपर तपासत बसलो. तिचा आवाज येत होता.

"घट्ट धरा. आणि सोडू नका हं."

आत्ती तिला साथ देतेय, असं समजून बरं वाटलं. मी पुढचा पेपर उघडला.

तेवढ्यात आत्ती पुढच्या दारानं आत आली. पिशवीत बाजार होता. तिनं कान दिला.

"ही कुणासंगं बोलतीया, अर्जुना?"

मी उठलो.

विजू मागच्या उंबऱ्यावर बसली होती, डबी मांडीवर घेऊन. घसरू नये म्हणून डबीचा चामडी पट्टा तिनं मनगटाला दोनदा गुंडाळला होता.

टेप परसावरून सरळ गेली होती. गुडघाभर उंच, ताठ. आडाच्या कठड्यावरून ती खाली आत वळली होती.

कठड्याजवळ काळा दगड होता. एका अंगानं चपटा. त्याच्याभोवतीची माती ओली होती.

"विजू, पट्टा सोड."

"थांबा की आण्णा, अजून जातंय."

डबीची टेप गुंडाळायची मूठ आपोआप उलटी फिरत होती. ती वाकून आकडे वाचत होती.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. "एकोणसाठ."